देवमनरावांचं डूम डूम

शकुनबाईंच्या निवृत्तीच्या समारंभात चौघांनी मिळून म्हणायचं गाणं देवमनरावांच्या एकट्याच्या गळ्यात पडलं, कारण बाकीचे तिघं मूर्तिजापूरजवळ पंक्चर होऊन बसले होते.

शकुनबाई अमरावतीच्या एका दवाखान्यात परिचारिका. होस्टेलात असताना कॅसेटवर ऐकलेलं एक जुनं इंग्रजी प्रेमगीत त्यांचं फार लाडकं. गाणारे चार, सूर चार, पण ऐकताना सगळं एकजीव. बायकोसाठी म्हणून देवमनरावांनी अकोल्याच्या तीन मित्रांना धरून ते बसवलं होतं आणि दर लग्नाच्या वाढदिवसाला चौघं ते गात. शब्द किसनरावांकडे, 'ऊ ऊ' दुसऱ्या दोघांकडे. देवमनरावांचा आवाज जाडा, म्हणून त्यांच्या वाट्याला तळातलं 'डूम डूम'. शब्द एकही नाही.

"स्टेपनीतबी हवा नाही," किसनराव फोनवर म्हणाले. "पन तू घाबरू नको. फोन माइकले लाव, आमी इथूनच म्हनतो."

देवमनराव नाही म्हणणार, तोच पुतणी पायलनं जाहीर करून टाकलं, "आता काकूसाठी काकाजी इंग्रजी गाणं म्हणतील!"

टाळ्या पडल्या. देवमनरावांनी फोन माइकपुढे धरला आणि डोळे मिटले. डोळे उघडे असले की ते दुसऱ्याच्या सुरात वाहून जात. किसनरावांची पहिली ओळ आली, मागून ट्रकचा हॉर्न आला आणि फोन कटला. स्पीकर बिघडला असेल, मित्र तिकडे म्हणतच असतील, अशा भरवशावर देवमनराव मागे हटले नाहीत. "डूम... डूम..." मग किसनरावांच्या ओळीपुरती शांतता. मग पुन्हा "डूम."

माइकवाल्यानं घाबरून आवाज वाढवला. खिडक्यांच्या काचा थरथरू लागल्या.

"यांना बरं वाटत नाहीये का?" डॉक्टरसाहेबांनी हळूच विचारलं.

"गाऊन राह्यले ना थे," दवाखान्यातल्या जुन्या आया पार्बताबाई म्हणाल्या. "आपल्यालेच समजून नाही राह्यलं."

गाणं संपलं. देवमनरावांनी डोळे उघडले. फोन बंद, सभागृह चिडीचूप.

"शकुन, माफ करजो. बाकीचं गानं मूर्तिजापूरलेच राह्यलं."

शकुनबाई पदरानं डोळे पुसत मंचावर आल्या. हसून हसून पाणी आलं होतं की रडून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"चौघं म्हनता तवा किसनभाऊच आयकू येतात," त्या म्हणाल्या. "तुमचा आवाज मले आज आयकू आला. पुन्हा म्हना बरं!"

देवमनरावांनी पुन्हा म्हटलं. या वेळी डोळे उघडे ठेवून.

पंगत बसली तेव्हा काळ्या हातांचे तिघं धापा टाकत आले.

"चाल देवमन, आता अख्खं गानं म्हनू!" किसनराव म्हणाले.

"हात धुवा अन् जेवा, भाऊ," शकुनबाई म्हणाल्या. "गानं झालं."

देवमनरावांनी किसनरावांच्या पानात स्वतःच्या हातानं गुलाबजाम वाढला. वर आणखी एक वाढला.

"लय उपकार झाले तुये."

"आमचे कायचे उपकार? आमी तं आलोच नाही!"

"थेच तं," देवमनराव म्हणाले.