बागेचं एक द्या

बस खात्याचे साहेब, जेलचा थांबा तुम्ही खाल्लात. खांब उपटून नेलात, पाटी नेलीत, मागे खड्डा तेवढा ठेवलात. त्या खड्ड्यात वाकड्याचा पाय मुरगळला. आता तुम्ही म्हणाल, कोण वाकड्या? सांगतो. केबिनमधला पंखा जरा बारीक करा, म्हणजे नीट ऐकू येईल.

वाकड्या म्हणजे बाजाराच्या तोंडाशी टपरीत बसून किल्ल्या बनवणारा माणूस. त्याचे सासरे शाळेत कवायतीचे मास्तर होते आणि वाकड्या त्यांच्याच हाताखाली शिकला. रांगेत उभा केला की याचा एक खांदा छताकडं, दुसरा जमिनीकडं. मास्तरांनी एकदा ‘वाकड्या’ म्हटलं आणि ते चिकटलं. पुढं त्यानं मास्तरांचीच थोरली मुलगी केली. वाटलं, आता तरी सुटका होईल. कसली सुटका! लग्नाचा फोटो काढताना मास्तर सगळ्यांदेखत ओरडले, “ए वाकड्या, खांदा खाली घे!”

हेही त्यानं गिळलं असतं. पण मग धाकटीचं लग्न झालं. धाकटा जावई एसी विकणाऱ्या कंपनीत मॅनेजर. पांढरीशुभ्र गाडी, शर्टाला कधी सुरकुती नाही. मास्तर त्याला पहिल्या दिवसापासून म्हणायला लागले, “जावईबापू.” या जावईबापू, बसा जावईबापू. आणि तेवढ्यात इकडं वळून, “ए वाकड्या, सरक जरा, जावईबापूंना टेकू दे.” वाकड्या सरकायचा. इतकी वर्षं तो सरकतच होता. आता सरकून सरकून त्याच्या बाजूचा सोफा संपला होता.

त्या दिवशी मास्तर जेलमधून सुटणार होते. दचकू नका, चोरी केली नव्हती त्यांनी. शाळेसमोरच्या रस्त्यावर गाड्या सुसाट जायच्या, सिग्नल नव्हता, म्हणून मास्तर रोज शाळा सुटायच्या वेळी रस्त्याच्या मधोमध उभे राहून शिट्टी वाजवायचे. एकदा कुणा बड्या माणसाची गाडी अडवली. दंड झाला. मास्तर म्हणाले, दंड भरणार नाही, रस्ता माझ्या बापाचा नाही तसा त्याच्याही बापाचा नाही. झाली पंधरा दिवसांची शिक्षा. आठवड्यानं सोडत होते ते एका अटीवर: पुन्हा रस्त्यात शिट्टी वाजवायची नाही. वाजवली की उरलेला आठवडा आत.

“तुम्ही कशाला तडफडत जाताय?” सकाळी बायको म्हणाली. “धाकटे गाडी घेऊन निघालेत. आणतील ते बाबांना.”

“म्हणूनच जायचंय.”

“म्हणजे?”

“म्हणजे जन्मभर ऐकायचं का मी? जावईबापूंनी आणलं, एसी लावून आणलं, गादीवर बसवून आणलं! मी त्यांच्या आधी गेटवर उभा राहणार. दार उघडलं की मास्तरांना पहिलं तोंड माझं दिसलं पाहिजे.”

“रोजच बघतात की तुमचं तोंड.”

“वाकडं बघतात. आज सरळ बघू दे.”

त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला आणि सवयीनं हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली. पिशवी नसली की त्याला अंगावर काहीतरी घालायचं राहिल्यासारखं वाटे. ती सवय पुढं नडली, पण ते पुढं.

बसमध्ये कंडक्टर समोर येऊन उभा राहिला. “कुठं?”

वाकड्यानं आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या बाईच्या मांडीवर धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं होतं. ती खिडकीबाहेर बघत होती, पण कान आतच होते. जेलचं तिकीट मागायला वाकड्यानं तोंड उघडलं आणि जीभ आयत्या वेळी दुसरीकडंच वळली.

“बाग. बागेचं एक द्या.”

“बागेत काय काढलंय सकाळी सकाळी?”

“झाडं बघायचीत.”

“इस्त्री करून?” कंडक्टर खाली वाकला. “काका, जेलला जायचं असेल तर आधीच सांगतो. तिथं थांबा नाही आता. एक तर बागेला उतरा, नाहीतर पार पाण्याच्या टाकीला.”

“थांबा गेला कुठं?”

“साहेबांनी काढला. कुठल्या थांब्याचं किती तिकीट खपतं ते बघितलं त्यांनी. जेलचं एकही नाही. म्हणाले, कुणी जातच नाही तर थांबा कशाला?”

“असं कसं? लोक उतरायचे की!”

“रोज उतरायचे. पण तिकीट टाकीचं घ्यायचे आणि जेल आलं की घंटी मारायचे. जेल म्हणायला कुणाची जीभ वळत नाही. तुमची वळली का?”

वाकड्यानं बागेचं तिकीट खिशात घातलं. शेजारची बाई खिडकीकडं तोंड ठेवूनच म्हणाली, “टाकीचं द्या.”

बागेपासून जेलची भिंत सुरू होते. भिंत कसली, संपायचं नावच घेत नाही. सावली नाही, बसायला दगड नाही. तशात गेट भिंतीच्या दुसऱ्या टोकाला. वाकड्या निम्म्यावर आला असेल-नसेल, मागून पांढरी गाडी आली. काच खाली झाली, थंड हवेचा झोत बाहेर आला आणि त्यामागून धाकट्याचं तोंड.

“साडूभाऊ! चालत? बसा, बसा आत.”

“नको. मला चालायला सांगितलंय डॉक्टरांनी.”

“जेलपर्यंत?”

“तुम्ही व्हा पुढं!”

गाडी पुढं झाली. आणि पुढचं सगळं वाकड्याला दिसायला लागलं. धाकटा गाडी लावणार, गेटवर उभा राहणार, मास्तर म्हणणार, वा जावईबापू! छे! वाकड्या पळत सुटला. धाकटा पलीकडं झाडाखाली सावली शोधत गाडी मागंपुढं करत होता, तेवढ्यात वाकड्यानं गेट गाठलंही असतं. पण गेटच्या अलीकडं तुमचा खड्डा होता, साहेब. उपटलेल्या खांबाचा. पाय आत गेला, अंग पुढं आलं, पिशवी उलटी झाली आणि जेलच्या दारात किल्ल्यांचा पाऊस पडला. मोठ्या, छोट्या, पितळी, लोखंडी. शेवटी एक कानस टणटणत गेली आणि पहाऱ्यावरच्या हवालदाराच्या बुटाला लागून थांबली.

हवालदारानं कानशीकडं पाहिलं. मग रस्त्यावर रांगत किल्ल्या वेचणाऱ्या माणसाकडं.

“काय रे, काय गोळा करतोयस?”

“किल्ल्या.”

“कशाच्या?”

“अजून कशाच्याच नाहीत. घासायच्यात.”

“कुठं?”

“जिथं कुलूप अडलं असेल तिथं.” हे बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते वाकड्याला कळलं. “म्हणजे इथं नाही हो! मी जावई आहे!”

“आत सगळे सरकारचे जावईच आहेत. चल, बस त्या बाकावर. हलायचं नाही.”

गेटशेजारच्या बाकावर, हवालदाराच्या काठीखाली, मांडीवर मुरगळलेला पाय घेऊन वाकड्या बसला. आणि समोरून धाकटा आला. गॉगल काढत, सावकाश.

“अरेरे! हवालदारसाहेब, सोडा यांना. घरचे आहेत आमचे. माझी जबाबदारी.”

हवालदारानं गाडीकडं पाहिलं, बिनसुरकुतीच्या शर्टाकडं पाहिलं आणि काठी बाजूला घेतली. “तुम्ही म्हणता तर सोडतो.”

“मला सोडू नका,” वाकड्या म्हणाला.

“काय?”

“यांच्या शब्दावर नको. चौकशी करा. रीतसर. मी बसतो इथंच.”

“अहो साडूभाऊ, हट्ट काय करताय?”

“तुमच्या जबाबदारीवर सुटण्यापेक्षा आत गेलेलं परवडलं!”

हवालदाराच्या नोकरीत सुटायला नकार देणारा हा पहिलाच. तो डोकं खाजवत असतानाच मोठ्या दारातलं छोटं दार उघडलं आणि मास्तर बाहेर आले. छाती पुढं, हनुवटी वर, हातात कागदाची पुडी. पुडीत घड्याळ आणि चष्मा, शिट्टी मात्र खिशात. मागून एक शिपाई सांगत होता, “शिट्टी खिशातच ठेवा मास्तर. सही केलीय तुम्ही.”

मास्तरांना पहिलं तोंड वाकड्याचंच दिसलं. त्याची इच्छा पुरी झाली, फक्त शेजारी हवालदार होता.

“ए वाकड्या! तुला केव्हा आणलं?”

“आणलं नाही मास्तर. आपल्या पायानं आलोय.”

“कुठल्या पायानं? तो तर भोपळ्यासारखा झालाय.”

किल्ल्यांचा खुलासा मास्तरांनी केला. “हा? हा कुलूप फोडणारा असता तर एव्हाना बंगल्यात राहिला असता,” एवढं म्हटलं आणि हवालदाराला पटलं. वाकड्याला ते स्तुती म्हणून घ्यावं की कसं, कळेना.

“बाबा, चला,” धाकटा म्हणाला. “गाडी थंड करून ठेवलीय.”

“वा, जावईबापू! कमाल आहे तुमची.”

झालं. वाकड्या मनातल्या मनात फणफणला. एवढं चाललो, पडलो, पकडला गेलो, आणि कमाल कुणाची? तर एसीची.

“चल रे, तूही बस गाडीत.”

“मी बसनं आलो, बसनंच जाणार.” वाकड्यानं पिशवी खांद्याला अडकवली. “तुम्ही जा. तुमचे जावईबापू आलेत.”

मास्तरांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. धुळीनं भरलेला शर्ट, सुजलेला पाय, एक खांदा वर, एक खाली.

“कुठून चालत आलास?”

“बागेपासून.”

“का? थांबा आहे ना इथं?”

“काढला.”

“काढला? आणि लोक येतात कसे?”

“असेच येतात.”

मास्तरांनी त्या लांबलचक भिंतीकडं पाहिलं. मग धाकट्याकडं वळले. “जावईबापू, तुम्ही व्हा पुढं. तुम्ही पाहुणे माणूस, तुम्हाला उन्हात कुठं ताटकळत ठेवायचं? हा घरचाच आहे. मी याला बसमध्ये घालून आणतो.”

पाहुणे. धाकट्याचा चेहरा असा पडला, जणू कुणी एसीची वायर ओढली. आणि वाकड्याला वाटलं, आपला खाली असलेला खांदाही वर आलाय की काय.

बस आली. टाकीकडून आली, भरून आली आणि थांबा नसल्यामुळं जेलसमोर जास्तच वेगानं आली. वाकड्यानं हात केला. ड्रायव्हरनं पाहिलं, मान हलवली आणि गाडी दामटली. वाकड्या लंगडत दोन पावलं धावला. कसचं काय!

मास्तरांचा हात खिशाकडं गेला.

“मास्तर, नको! सही केलीय!”

“एक पाय मोडलाय गाढवा, दुसरा मोडशील.”

आणि मास्तर रस्त्याच्या मधोमध गेले. शिट्टी अशी वाजली की भिंतीपलीकडं कुठंतरी कैद्यांचे पाय खाडकन जुळल्याचा आवाज आला. आठवडाभरात आतही कवायत शिकवली होती त्यांनी. बस जागच्या जागी थांबली. बसमागून जेलच्या मोठ्या साहेबांची जीप येत होती, तिचाही ब्रेक कचकन लागला.

“इथं थांबा नाही!” कंडक्टर दारातून ओरडला.

“आता आहे,” मास्तर म्हणाले.

मग जे झालं ते तुम्ही बघायला हवं होतं, साहेब. बसमधून माणसं उतरायला लागली. एक म्हातारा उतरला, डबा घेतलेल्या दोघी उतरल्या, एक नवरा-बायको एकमेकांकडं न बघता उतरले. सकाळची गाठोडंवाली बाईही उतरली. जेलला चाललोय हे कुणाला कळू नये म्हणून टाकीपर्यंत जाऊन बिचारी परत बागेकडं निघाली होती. सगळ्यांच्या हातात बागेची तिकिटं, आणि सगळे खाली मान घालून जेलच्या गेटकडं. बस निम्मी रिकामी झाली.

पण जीपमधले साहेब सगळं बघत होते. हवालदार कानकोंडा होऊन आला. “मास्तर, मी एकटा असतो तर ऐकलंच नसतं. पण साहेबांनी ऐकलं.”

“चला. तसंही आत रांग अजून नीट होत नव्हती. आठवडा लागेलच.” मास्तर दाराकडं वळले, मग थांबले. हातात धरलेली शिट्टी त्यांनी वाकड्याच्या खिशात घातली. “आत घेत नाहीत. तू सांभाळ. आणि पुढच्या आठवड्यात तूच ये रे, वाकड्या. खांदा सरळ करून ये.”

छोटं दार बंद झालं. बस केव्हाच निघून गेली होती आणि धाकटा अजून झाडाखालीच घुटमळत होता.

मास्तरांना घरी कुणीच नेलं नाही. तरी वाकड्या धाकट्याच्या गाडीत पुढच्या सीटवर असा बसला, जणू कारखान्याचं उद्घाटन करायला निघालाय. घरी बायको काय म्हणेल याची भीती होती, पण ती भीती मागच्या सीटवर. गाडी बराच वेळ चालली. धाकट्यानं एसी लावलाच नाही.

“साडूभाऊ,” शेवटी तो म्हणाला.

“बोला.”

“मला कधी काही नाव पाडलं नाही त्यांनी. साधं बावळटसुद्धा म्हटलं नाही.”

वाकड्याला त्याची दया आली. पण थोडीच. “होईल हळूहळू. आधी बसनं यायला लागा.”

“येतो. पुढच्या आठवड्यात तुमच्याबरोबर बसनंच येतो.”

तेव्हा साहेब, ध्यानात ठेवा. पुढच्या आठवड्यात दोन जावई सकाळच्या बसमध्ये चढणार आहेत. कंडक्टर विचारेल, कुठं? आणि ते दोघं, सगळी बस ऐकत असताना, मोठ्यानं जेलची दोन तिकिटं मागणार आहेत. एकाच्या खिशात शिट्टी आहे. तर आत्ताच सांगा, खांब परत लावताय की नाही? आणि त्या दिवशी जे लोक मान खाली घालून उतरले, ते तुमच्या मते कुठल्या बागेत निघाले होते? उत्तर द्या.