किरनापुरच्या बाबूलालची चंपा

पाहुणे आले तवा टीवी बंद कराचं सोडून मी रिमोट मांडीखाली दाबला. बस, येवढंच केलं मी.

माही नात श्रुतिका. तिले पाहाले किरनापुरचे पाहुणे आलते. पोरगा विवेक, त्याचा आजा बाबूलाल अन् आजी गोदाबाई. पोट्टा-पोट्टी एकाच कालेजात शिकले, दोघायचं आधीच जमलं होतं, पन हे घरच्या म्हाताऱ्याइले माहीत नोहतं. (मले माहीत होतं. मले सगयंच माहीत रायते.) बाबूलालनं हौ म्हनलं का झालं लगन.

सून शीला डोये वटारून म्हने, मामाजी, टीवी बंद करा. मी म्हनलं, रिमोट सापडून नाई राह्यला बाई. मले बाबूलालचं तोंड पाहाचं होतं. कारन सीरियलमंधी बायको थानेदारीन होती, ती जीप घेऊन चोर पकडाले गेलती, अन् नवरा घरी पोया लाटून राह्यलता. लाटता लाटता रडत बी होता. तिची याद येत होती म्हने.

बाबूलालचे पोहे घशातच अडकले. म्हने, असे मरद असतेत का? या टीवीनं मरदाइच्या बाया केल्या अन् बायाइचे मरद.

तेवढ्यात विवेकच्या तोंडून निंगून गेलं, "आजा, पोया तं मी बी लाटतो."

श्रुतिका हासली. अन् बाबूलाल उठून चप्पल घ्याले गेला. म्हने, ज्या घरी असं पाह्यतेत त्या घरची पोरगी आमाले नाई पायजे.

श्रुतिकाचं तोंड उतरलं. शीलानं माह्याकडं असं पाह्यलं का मी समजलो, आजपासून आपन उपाशी. गंमत अंगावर आलती. मी बाबूलालचा हात धरला. म्हनलं, जा खुशाल, पन बाई कशी पायजे ते तं सांगून जा.

तो चप्पल हातात घेऊनच बसला अन् एकदम मऊ झाला.

"बाई म्हनजे रामपायलीच्या दंडारीत, रातभराच्या नाच-नाटकात, नाचनारी चंपा. मी जवान होतो तवा. काय ते लाजनं, काय ते चालनं. तशी बाई पुन्हा नाई पाह्यली."

"हिरवं लुगडं होतं का?"

"हौ."

"अन् नाचता नाचता घुंगरू तुटलं?"

"तुमाले कसं माहीत?"

"तवा दंडारीत बाया कुठं येत होत्या, बाबूलालजी. आमी पोट्टेच लुगडं नेसत होतो. चंपा मीच होतो."

बाबूलालनं माह्या टकलाकडं पाह्यलं, मंग मिशीकडं पाह्यलं, मंग चप्पल हळूच खाली ठेवली.

आतापर्यंत डोक्यावर पदर घेऊन चूप बसलेली गोदाबाई आता बोलली. "पन्नास वर्सं झाले. हा मानूस मले म्हनते, चंपासारखी चाल." मंग बाबूलालकडं वयून म्हने, "पोया लाटनारा पोट्टा चांगलाच हाये. पोरगी मले पसंत हाये. तुमाले?"

बाबूलालनं हौ म्हनून मान हालवली.

आता रीतच हाये, पोरीले चालून दाखवा लागते. श्रुतिका उठली. गोदाबाईनं तिले खाली बसवलं. म्हने, "तू बस व माय. चंपेले चालू दे."

मी बी कमी नाई. डोक्यावर दुपट्टा घेतला, कंबरेवर हात ठेवला अन् चाललो. पयलं पाऊल बराबर पडलं. दुसऱ्याले गुडघा कडकन वाजला. तिसऱ्याले मी परदा धरला, अन् परद्यासकट पोह्याच्या परातीत बसलो.

गोदाबाईनं मले खालून वर पाह्यलं.

"येवढ्यासाठी मी पन्नास वर्सं बोलनं खाल्लं?"