इचार केलास का आला?

आमच्या सोसायटीत "माझ्या मनात एक विचार आला" असं म्हणायची सोय राहिलेली नाही. तळमजल्यावरचे दामूकाका लगेच अडवतात.

"केलास का आला?"

"काय?"

"इचार गो! तू केलास, का आपला आपन आला?"

आला म्हटलं की मेलात. पुढचा प्रश्न, "कुठून आला?"

एकदा मी भाजीला निघाले होते. म्हटलं, पालक घ्यावा असं मनात आलंय. पालक कुठून आला ते भाजीवाल्याला विचारता येतं, पण पालक घ्यावा, हे कुठून आलं? विचार करकरून डोक्याचा भुगा झाला. शेवटी दुधी घेऊन घरी आले.

काकांची सगळी नोकरी मोरा बंदराच्या धक्क्यावर गेली. मुंबईहून लाँच आली की उतरणाऱ्यांची तिकिटं तपासायची. "बिनतिकिटाचा मानूस पन कुठून आला ते आमाला कलायचं," ते म्हणतात. "मंग इचाराचं कलाय नको?"

पुढे लेकीच्या जवळ राहावं म्हणून नवराबायको पनवेलला आले. पहिल्याच भेटीत मी विचारलं होतं, "मुलगी कुठे दिलीत?"

"कोनला."

"तेच विचारतेय, कोणाला?"

"आगो, कोनला!"

कोन नावाचं गाव आहे, हे डोंबिवलीहून आलेल्या बाईला काय माहीत? मी आपली समजले, म्हाताऱ्यांना जावयाचं नावच आठवत नाही.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये चेअरमन उभे राहून म्हणाले, "पार्किंगबाबत माझ्या मनात एक विचार आलेला आहे." मागून काका ओरडले, "आला तं तुजा नाय तो! ज्याचा हाय त्याला देऊन टाक!" मीटिंग तिथेच बारगळली. तो विचार खरंच सेक्रेटरींचा होता, ही गोष्ट वेगळी.

डॉक्टरांनाही सोडलं नाही. डॉक्टर म्हणाले, "विचार मेंदूतून येतात." काका म्हणाले, "तिथं ते उतरतात. चढतात कुठं, ते सांगा." डॉक्टरांनी गॅसची गोळी लिहून दिली.

मला या सगळ्याचा वैताग यायचा. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, दुसरं काय!

त्यांच्या बायकोला मी हिराकाकी म्हणते. त्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या असतात. मी दिसले की छान हसतात आणि विचारतात, "तू कोनाची गो?" मला वाटायचं, थट्टा करतात. मीही ठसक्यात सांगायचे, "तुमचीच!"

एका सकाळी माझ्यासमोरच त्यांनी काकांना विचारलं, "तू कोनाचा रं?"

"मी? मी लाँचवरचा," काका म्हणाले आणि त्यांच्या हातात चहाचा कप दिला. बशी धरायलाही शिकवली.

काका बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसले. "हिला इचार यायचे बंद झाले," ते म्हणाले. "मेले नसतील गो. पलीकडच्या धक्क्यावर उबे आसतील. लाँच बंद हाय. कुठून सुटते ते कललं तर जाऊन सांगीन, बाबांनो, आमच्या हिचे तेवढे सोडा."

एवढे दिवस मी ज्याला चक्रमपणा समजत होते, ती ही चौकशी होती.

परवा रविवारी मी भिजवलेले वाल घेऊन त्यांच्या दारात सोलायला बसले. काकींपुढेही थोडे ठेवले. त्यांच्या हातांना वाल कसे सोलायचे ते बरोबर आठवत होतं. तेवढ्यात काकांना उचकी लागली.

"कोणीतरी आठवण काढतंय," मी म्हटलं. "नावं घ्या. ज्या नावाला थांबेल, तो माणूस."

काकांनी लेकीचं नाव घेतलं. जावयाचं घेतलं. मोऱ्याचा भाऊ झाला, लाँचचा तांडेल झाला, वैतागून चेअरमनही झाला. उचकी आपली चालूच.

"आता काकींचं घ्या ना!"

काकांनी एक वाल उचलून सोलायला घेतला.

"या वयात लाजता काय? हवं तर उखाण्यात घ्या!"

"लाजत नाय गो," ते हळूच म्हणाले. मध्ये एक उचकी येऊन गेली. "घेतला नाव, आन् नाय थांबली तं?"

काकी त्यांच्या शेजारीच बसल्या होत्या, वालाकडे बघून हसत होत्या. मला रडू फुटायला आलं. आणि कसं कोण जाणे, माझ्याच तोंडून मोठ्यांदा निघून गेलं, "हिराकाकी!"

"ओ," काकी म्हणाल्या आणि पुढचा वाल सोलायला घेतला.

काका श्वास रोखून बसले. मीही. उचकी आली नाही. मग आणखी थोडा वेळ थांबून बघितलं, तरी आली नाही.

श्वास रोखला की उचकी थांबते, हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. पण खरंच त्यानेच थांबली का, देव जाणे.

काकांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

"आला तिला," ते म्हणाले. "माजा इचार. केला नाय हां, आपला आपन आला."

कुठून आला, ते मात्र त्यांनी विचारलं नाही.