नरहर आजोबांचा शेवटचा खेळ

दिवाकरराव चांदेकर हॉलच्या बंद दाराला कान लावून उभे होते, आणि आत कोणीही हसत नव्हतं.

हा कान लावायचा रोग त्यांच्या आजोबांचा. नरहर आजोबांनी मूकपटांच्या काळात नऊ विनोदी पट काढले, पण लोकांत बसून ते बघायची त्यांची छाती झाली नाही. प्रत्येक खेळाला ते थेटराच्या दाराबाहेर उभे राहत. आत पेटी-तबला असा काही दणाणत असे, की लोक हसतायत की जांभया देतायत, कळायला मार्ग नसे. पुढे पडदा बोलू लागला, आजोबांचा धंदा बसला आणि ते रायपूरला येऊन रेल्वेत चिकटले. मरताना नातवाचा हात धरून म्हणाले, "दिवाकर, लोक हसले होते का रे? मले समजलंच नाही."

बिचाऱ्या दिवाकररावांना तो प्रश्न आयुष्यभर पुरला. आठ पट कधीच नाहीसे झाले होते. नववा परवा ट्रंकेत सापडला, तोही पापडासारखा वाळलेला. सिनेमाचं मशीन चालवणाऱ्या विशालने तो उजेडात धरून स्पष्टच सांगितलं होतं, "अंकल, एक बार चलेगी. दुबारा मत बोलना."

म्हणून रायपुरातल्या तेलीबांध्याचा हा हॉल, छत्तीसगडच्या या नव्या राजधानीतली झाडून सारी मराठी मंडळी, आणि पेटी-तबल्याला सक्त मनाई.

"अहो, आत तरी चला," पत्नी पद्मिनीबाई म्हणाल्या.

"काय पाहू आत जाऊन? अर्धा खेळ झाला असंन. कोणी खोकलंसुद्धा नाही." आजोबांना वर जाऊन काय तोंड दाखवायचं, हेच दिवाकररावांना समजेना. शेवटी त्यांनी दार ढकललं.

आत दीडशे माणसं उभी होती. माना खाली, डोळे मिटलेले. पडद्यावर एक लठ्ठ गृहस्थ शिडीवरून बादलीत पडत होता, आणि त्याच्याकडे बघायला कुत्रं नव्हतं.

झालं होतं असं. अध्यक्ष प्रल्हादरावांनी नरहर आजोबांसाठी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. तेवढ्यात प्रमुख पाहुणे रस्ता चुकल्याचा निरोप आला, आणि प्रल्हादराव मागच्या दाराने स्कूटर घेऊन त्यांना शोधायला गेले. सगळीकडे शांत झालेलं बघून विशालने दिवे घालवले आणि मशीन सुरू केलं. आता 'ॐ शांती' म्हणणारा माणूस स्कूटरवर, आणि ते ऐकल्याशिवाय आपल्याकडे कोणाची बसायची टाप आहे?

"तुम्हीच म्हणून टाका," पद्मिनीबाई कुजबुजल्या.

"माझ्याच आजोबाच्या श्रद्धांजलीत मीच तोंड उघडू? लोक काय म्हणतीन?"

दिवाकरराव चवड्यांवर चालत पडद्यापाशी गेले आणि दोन्ही हातांनी 'बसा, बसा' अशा खुणा करू लागले. मिटल्या डोळ्यांना खुणा कुठून दिसणार? त्यांनी पहिल्या रांगेतल्या शेवंताबाईंचा पदर ओढला. बाईंनी एक डोळा उघडला. आता बसायचं म्हणजे कसं, ते दाखवायला दिवाकरराव बसले.

मागे खुर्ची नव्हती.

आधाराला हाताशी आला तो पडदा. पडदा म्हणजे पद्मिनीबाईंची धुतलेली चादर. ती दोऱ्यासकट खाली आली आणि दिवाकररावांना डोक्यापासून पायापर्यंत झाकून बसली. धप्प आवाजाने सगळ्यांचे डोळे उघडले. विशाल आपल्या कामाला पक्का. पांढरं जिकडे गेलं तिकडे त्याने मशीनचं तोंड वळवलं.

आधी शेवंताबाई हसल्या. मग रांग हसली. मग सारा हॉल असा हसला, की लोकांना आपण उभे आहोत याचीही शुद्ध राहिली नाही.

पद्मिनीबाई धावत आल्या. "लागलं का हो? उठा."

चादरीतून आवाज आला, "पद्मिनी, हे कोणाले हसून राहिले? मले का त्याले?"

पद्मिनीबाईंनी बघितलं. दिवाकररावांच्या पोटावरून तो लठ्ठ गृहस्थ बादलीत पाय अडकवून जिवाच्या आकांताने पळत होता.

"दोघाईले," त्या म्हणाल्या.

चादर हातपाय ताणून आणखी सपाट झाली.

"मग उठवू नको मले. रीळ संपू दे."