पत्र्याखालचं कीर्तन

विमलबाईंची इच्छा एवढीच होती की, आपल्या घरात एक कीर्तन तरी आरतीपर्यंत पोचावं. गेल्या श्रावणात ईश्वरप्पाबुवा ऐन रंगात आले आणि छपराच्या कवेलूंतून नेमकी मृदंगावर पावसाची धार लागली. मृदंग बसला, कीर्तन मोडलं. यंदा एकादशी चार दिवसांवर आली तेव्हा त्यांनी नवऱ्याला, शरदचंद्र सरांना, छपरासाठी पत्रे आणायला पिटाळलं. सर लातुरात क्लासच्या पोरांना फिजिक्स शिकवायचे.

जिलानी मिस्त्रीचं म्हणणं, आधी कवेलू उतरवू. सर म्हणाले, त्यातच आठवडा जाईल, कवेलूंवरच पत्रे टाका. मग बोल्ट मारले तर कवेलू फुटणार. म्हणून मिस्त्रीने सगळे करतात तेच सुचवलं : वर धोंडे ठेवू.

विमलबाईंचं माहेर किल्लारीजवळचं. भूकंपाला चारच वर्षं झाली होती.

"जिलानीभाई, माझ्या डोक्यावर आता धोंडा न्हाई पायजे," त्या म्हणाल्या.

वाळूची पोतीही त्यांनी नाकारली. शेवटी सरांनी तोड काढली. घरात पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे पडून होते. ते खताच्या रिकाम्या पोत्यांत भरून पत्र्यांवर चढवले. मिस्त्रीने एक पोतं हलवून पाहिलं.

"सर, हे वजन पोरांच्या डोक्याला लई हाय. वाऱ्याला पुरायचं न्हाई."

एकादशीला दुपारी घर भरलं. गल्लीतल्या बाया, भाड्याने राहणारी क्लासची पोरं, सगळे आले. मिस्त्री विसरलेली शिडी न्यायला आला होता, तो दारात थबकला. बुवांनी अभंग उचलला, टाळ लागले, आणि वाऱ्याचा झोत आला. पत्रे उचलले, कवेलूंवर आपटले. धडधडधड!

लातुरात या आवाजाचा अर्थ कोणाला विचारावा लागत नव्हता. अर्ध्या मिनिटात घर रिकामं झालं. सगळ्यांत पुढे सर होते. हा नुसता हवेचा दाब आहे, भूकंप नाही, असं ते गल्लीत उभं राहून समजावू लागले. पण स्वतः वळचणीखालीही येईनात. त्यात पाऊस सुरू झाला. सगळे भिजू लागले. बुवांनी वीणा उपरण्यात गुंडाळली.

विमलबाई एकट्याच दारात.

"आत एक थेंब गळंना झालाय. या की हो," त्या म्हणाल्या.

कोणी हललं नाही. मिस्त्रीने शिडी भिंतीला टेकवली, चपला काढल्या आणि आत जाऊन मधोमध मांडी घातली.

"पत्रे मी टाकलोय. पडले तर पयले माझ्यावर."

मग एकेक जण आत आला. कीर्तन पुन्हा उभं राहिलं. थोड्या वेळाने मिस्त्रीला पलीकडच्या गल्लीतलं काम आठवलं. त्याने उठायला गुडघ्यावर हात टेकला, तर सगळं घर उठलं. तो बसला, सगळे बसले. हे दोनदा झालं. ते बुवांच्या लक्षात आलं आणि त्यांनी आख्यान लावलं ते चांगले दोन तास. मधे कोणी पाणी प्यायलाही उठलं नाही. आरती झाली.

पुढच्या श्रावणात आमंत्रण द्यायला विमलबाई बुवांच्या आधी जिलानी मिस्त्रीकडे गेल्या. पत्रे पुन्हा उचलले का, त्याने विचारलं.

"न्हाई हो. काम काहीच न्हाई," विमलबाई म्हणाल्या, "फक्त येऊन बसायचं."