आतलं नाव

आमच्या इनासभाऊंना साधं ‘नेट चालत नाही’ असं सांगायची सोय नाही. “आतलं की बाहेरचं?” असा प्रश्न येतो आणि मागोमाग प्रवचन. वसई पूर्वेच्या आमच्या खोक्यांच्या कारखान्यात ते कॉम्प्युटर सांभाळतात, मी हिशेब. त्यांचं टेबल माझ्यासमोरच, त्यामुळे प्रवचनाला पहिल्या बाकावर कायम मी.

त्यांचं म्हणणं एवढंच, की वेबसाईटचं नाव जगासाठी. ऑफिसातले कॉम्प्युटर ज्या जाळ्यात जोडलेत, त्याला नाव वेगळं हवं. शेठना हे पटेना. एक कंपनी, एक नाव! शेवटी तसंच केलं आणि ऑफिसातून आमचीच वेबसाईट दिसेनाशी झाली. आतले कॉम्प्युटर ती घरातच शोधत बसायचे. सुरतेच्या गिऱ्हाइकाला दिसायची, शेठना नाही. बिचारे मोबाईल घेऊन, ऑफिसचं वायफाय सुटेपर्यंत चालत, चहाच्या टपरीवर जाऊन आपलीच खोकी बघायचे.

शेठनी हात टेकले. आतलं नाव तुम्हीच ठरवा म्हणाले. इनासभाऊंनी कंपनीच्या नावाआधी एक शब्द जोडला, गोटू. आडनाव तेच, हाक तेवढी वेगळी, असं त्यांचं स्पष्टीकरण. अर्थ विचारला तर म्हणे, आतलं आत राहू द्या. तेव्हापासून सगळं ऑफिस सकाळी गोटू टाइप करून कामाला लागतं. मला तर त्या गोटूचा वीट आला होता.

यंदा शेठचा मुलगा शिकून आला. त्याला गोटूची लाज वाटली, काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव हवं होतं. त्या दुपारी इनासभाऊंनी डबा उघडला नाही. जाऊ द्या हो, नावात काय एवढं, मी कंटाळून म्हटलं.

“गोटू मीच, मॅडम,” ते म्हणाले. “गावी, सांडोरला, आई याच नावाने हाक मारायची. ती गेली, मग बहीण गेली. आता पोरांचा मी डॅडी, चर्चमध्ये इनास. म्हटलं, इथे तरी रोज कोणी लिहील.”

मला फार वाईट वाटलं. उठले आणि शेठच्या मुलाला गाठलं. नाव बदललं तर एकेक कॉम्प्युटर नव्याने जोडावा लागेल, ऐन दिवाळीच्या तोंडावर बिलं अडतील, हे प्रवचन त्याला ऐकवलं. ऐकून ऐकून तोंडपाठच होतं. बिलं अडणार म्हटल्यावर त्याने विषय सोडला.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं. टाइप करता करता नाव हळूच तोंडातून निघून गेलं, “गोटू.”

समोरच्या टेबलावरून ओ आली.