व्हेरोनाबाईंची नको तितकी सरळ कार्डे

हाताने केलेल्या वस्तूत प्रेम असते आणि यंत्राने केलेल्या वस्तूत ते नसते, ही गोष्ट आता सर्वमान्य आहे. वस्तू हातानेच केली आहे हे समोरच्याला पटवायचे कसे, एवढा एकच किरकोळ मुद्दा शिल्लक राहतो. बार्बाडोस बेटावरच्या सेंट फिलिप परगण्यात राहणाऱ्या व्हेरोना ट्रॉटमन यांना तो निकालात काढावा लागला, आणि तोही ऐन डिसेंबरात, घराची साफसफाई अर्धवट पडलेली असताना.

व्हेरोनाबाईंनी एकतीस वर्षे मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवले. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली पुढे परिचारिका झाल्या, बँकेत लागल्या, एक तर न्यायाधीश झाली; पण वाकडी टीप दिसली की त्या सगळ्या आजही ती उसवायला घेतात. बाई स्वतः पट्टी न लावता सरळ रेघ मारत. नवरा डार्नली निवृत्त बसचालक होता. तो पट्टी लावूनही सरळ रेघ मारू शकत नसे. (बस मात्र सरळ चालवी, असे तो सांगतो.)

गावात नाताळची कार्डे दिवाणखान्यात दोरीवर टांगतात. आलेला पाहुणा नव्या पडद्यांचे कौतुक करता करता कार्डे मोजतो. मागच्या वर्षी समोरच्या ओडेसा गिटेन्सच्या दोरीवर एकसष्ट कार्डे होती आणि व्हेरोनाबाईंच्या दोरीवर त्रेचाळीस, त्यातले एक विमा कंपनीचे. सबब, यापुढे संख्येपेक्षा गुणवत्तेस प्राधान्य देण्यात यावे, आणि याची सुरुवात म्हणून या वर्षी सर्व कार्डे घरी, हाताने करावीत, असे बाईंनी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एकमताने ठरवले. डार्नली त्या वेळी अंगणात होता.

जेवणाचे टेबल ताब्यात घेण्यात आले. जेवण ओसरीवर हलले. डार्नलीची नेमणूक कापूस विभागात झाली. कापूस हा बर्फासाठी. बेटावर बर्फ पडल्याचे कोणाला आठवत नाही, पण बर्फाशिवाय नाताळचे कार्ड पाहिल्याचेही कोणाला आठवत नाही. खळ साबुदाण्याची होती, घरीच शिजवलेली, आणि ती मुंग्यांना फार आवडली. पहिल्या तुकडीतील नऊ मेंढपाळ आणि एक देवदूत मुंग्यांनी रातोरात गायब केले. तेव्हापासून टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे राहिले.

डिसेंबर उजाडेपर्यंत अठ्ठेचाळीस कार्डे तयार झाली. प्रत्येक कार्डावर गोठा, तारा, मेरी, बाळ, गाढव आणि बर्फ. कडेला रेशमी धाग्याची टीप, एका बोटाच्या रुंदीत बारा टाके. आत मजकूर बाईंच्या स्वतःच्या अक्षरात. अठ्ठेचाळिसांपैकी सत्तेचाळीस कार्डे टेबलावरून रांगेने निघून गेली. अठ्ठेचाळिसावे तीन वेळा पाकिटात गेले आणि तीन वेळा बाहेर आले.

ते इस्मेचे होते. इस्मे ही व्हेरोनाबाईंची थोरली बहीण. राहायला बेटाच्या दुसऱ्या टोकाला, सेंट लूसीत. चार वर्षांपूर्वी नाताळच्या जेवणात तिने व्हेरोनाबाईंच्या केकचा घास घेतला, तो सावकाश चावला आणि पाणी मागितले. एवढेच. त्या दिवसापासून दोघींचे बोलणे बंद होते. बेटाची लांबी जेमतेम चौतीस किलोमीटर. त्यामुळे चार वर्षे एकमेकींना न भेटण्यासाठी दोघींना बरीच मेहनत घ्यावी लागली होती. लग्ने त्यांनी आपसांत वाटून घेतली होती, आणि मयतांना एक सकाळी जाई, दुसरी दुपारी.

"टाक की पेटीत," डार्नली म्हणाला.

"टाकतेय. तिकीट वाकडं लागलंय."

"तिकीट सरळ आहे."

"तू गप्प बस. तुला सरळ काय कळतं?"

कार्ड शेवटी गेले.

आठवड्याभरात निकाल हाती आला. तो असा: एकतीस जणांनी कार्ड कुठल्या दुकानातून घेतले, अशी चौकशी केली. नऊ जण म्हणाले की यंदा छपाई बरी आहे. पाच जणांनी पाकीट अजून उघडले नव्हते. तिघांचा कार्ड हाताने केल्यावर विश्वास बसला. त्यांपैकी एक डार्नली होता आणि दुसरा आंधळा होता. ओडेसा गिटेन्सने कार्ड उलटे करून मागे किमतीची चिठ्ठी शोधली. ती न सापडल्यावर म्हणाली, "किंमत काढून टाकलीस होय! किती गं तुझा मोठेपणा!"

इस्मेचा निरोप डार्नलीच्या फोनवर आला. डार्नलीशी ती बोलत असे. फोनचा आवाज खोलीभर जाईल इतका मोठा ठेवायची डार्नलीची सवय असल्याने निरोप बाईंनी थेट ऐकला.

"डार्नली, तुझ्या बायकोला सांग, दुकानातलं कार्ड मला खाटीकसुद्धा पाठवतो. चार वर्षांनी आठवण झाली आणि सख्ख्या बहिणीला दोन ओळी हाताने लिहवल्या नाहीत तिला? छापून घेतल्या!"

व्हेरोनाबाईंनी आपला उजवा हात टेबलावर पालथा ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या. एकतीस वर्षांत त्या हाताबद्दल तक्रार आल्याची ही पहिलीच वेळ होती.

"थोडं वाकडं करून बघ," डार्नली हळूच म्हणाला.

"मी?"

"लोकांना तसं घरचं वाटतं."

बाईंनी प्रयत्न केला. कोनमापक घेऊन त्यांनी अकरा अंशांत वाकडी कड कापली. ती अकरा अंशांत अचूक वाकडी आली आणि छापखान्यातली चूक दिसू लागली. तेव्हा नाइलाजाने त्यांनी कात्री डार्नलीकडे दिली.

"हे काय आहे?" अर्ध्या तासाने त्यांनी विचारले.

"गाढव."

"शेपूट कुठाय?"

"ही काय."

"मग तोंड कुठाय?"

डार्नलीने कार्ड फिरवून पाहिले. "तेच बघतोय," तो म्हणाला.

हे कार्ड ओडेसा गिटेन्सच्या हाती पडले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. "याला म्हणतात हातचं!" ती म्हणाली. "जीव ओतलाय माणसाने!"

त्यानंतर घडलेल्या गोष्टी क्रमाने नमूद करणे भाग आहे. सत्तेचाळीस घरी दुरुस्त कार्डे, म्हणजे बिघडवलेली, नव्याने पाठवण्यात आली. कापूस विभागातून डार्नलीची बढती होऊन तो दोष विभागाचा प्रमुख झाला. त्याने दोषांचे तीन प्रकार पाडले: साधा (कड तिरकी), मध्यम (खळीचा अंगठा उमटलेला) आणि भावनिक (मेरीला तीन हात). शेजारीपाजारी दुकानातली कार्डे घेऊन ओसरीवर येऊ लागले. "डार्नली, जरा एवढं खराब करून दे. सासूला पाठवायचंय. भावनिकमधलं दे." गावाबाहेरच्या एका दुकानाने काचेवर पाटी लावली: 'घरगुती चुका असलेली कार्डे मिळतील.' चर्चच्या महिला मंडळात डार्नलीने 'चूक कशी करावी' या विषयावर वीस मिनिटे मार्गदर्शन केले आणि त्यात तो दोनदा चुकला, टाळ्या पडल्या.

मात्र दीडशे गाढवे कापून झाल्यावर घात झाला. हात बसत गेला. एका मंगळवारी डार्नलीचे गाढव हुबेहूब गाढवासारखे आले. गिऱ्हाइकांत कुजबुज सुरू झाली. "आता पूर्वीचं राहिलं नाही," ओडेसा म्हणाली. "धंदेवाईक झालाय."

या सगळ्या गडबडीत सत्तेचाळीस कार्डे बदलून झाली होती. इस्मेचे राहिले होते.

"माझं एखादं गाढव पाठव तिला," डार्नली म्हणाला. "जुन्यातलं आहे एक."

"माझ्या बहिणीला तुझं गाढव कशाला? माझं कार्ड हवंय तिला." बाई उठल्या. पिशवीत त्यांनी कात्री, पुठ्ठा, कापूस, रेशीम आणि झाकणाच्या डब्यात खळ भरली. "बसचं वेळापत्रक सांग."

डार्नलीने ते तोंडपाठ सांगितले. दोन बस बदलाव्या लागत. दुसऱ्या बसमध्ये गाणी इतक्या मोठ्याने लागली होती आणि मांडीवर भलेमोठे हॅम घेतलेला शेजारी त्यांच्यावर इतका रेलत होता, की परत फिरण्याचा विचार त्यांना नीट करता आला नाही.

इस्मेने दार उघडले. वय अडुसष्ट, डोक्याला फडके, हातात पॉलिशचा बोळा. चार वर्षांनी धाकटी बहीण दारात उभी पाहून ती जे बोलली ते असे: "पाय पूस. लादी ओली आहे."

व्हेरोनाबाईंनी पाय पुसले, सरळ टेबलाशी जाऊन बसल्या आणि सामान मांडले.

"हे काय चाललंय?"

"कार्ड करतेय."

"कुणाला?"

"तुला. नीट बघून घे. नंतर छापलं म्हणायचं नाही."

इस्मेने चष्मा लावला आणि खुर्ची ओढून समोर बसली. परीक्षेला पर्यवेक्षक बसतो तशी. व्हेरोनाबाईंनी पुठ्ठा उचलला. पट्टी नाही, पेन्सिल नाही. कात्री एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरळ गेली. इस्मेने कापलेली कड उचलून उजेडात धरली. मग ती हळूच टेबलावर ठेवली.

"कात्री आईसारखी धरतेस," ती म्हणाली.

"तिनेच शिकवलं."

"मलाही शिकवलं होतं. मला नाही जमलं." तिने पुठ्ठ्यावरच्या गाढवाकडे बोट दाखवले. "गाढव डावीकडे घे."

"मग ते मेरीच्या मागे जातं."

"गाढवाने मागेच राहायचं असतं, व्हेरोना! तुला कधी कळलंच नाही ते. शाळेच्या नाटकात तुला मागे उभं राहायला सांगितलं होतं आणि तू पुढे येऊन उभी राहिलीस. मी मेरी होते! मला कुणी पाहिलंच नाही."

"मी आठ वर्षांची होते!"

"कान हलवत होतीस!"

"पंचावन्न वर्षं झाली त्याला, इस्मे."

"झाली असतील. माझी आई पहिल्या रांगेत बसली होती."

"आपली आई," व्हेरोनाबाई म्हणाल्या.

इस्मेने चष्मा काढून पुसला. पुसायला वेळ लागला. "आपली," ती म्हणाली. "आणि ती तुझ्याकडेच बघून हसत होती." मग तिने टेबलापाशीच उभे राहून कान कसे हलत होते ते करून दाखवले. व्हेरोनाबाईंनी खळीचा डबा बाजूला सरकवला, कारण हसताना तो उलटला असता.

त्यापुढे दोघी भांडल्या. अंबाडीच्या लाल बोंडांचे सरबत पिता पिता भांडल्या, जेवताना भांडल्या, आणि चार वर्षांत वाट्याला आलेल्या लग्नांची व मयतांची माहिती एकमेकींना देता देता सविस्तर भांडल्या. शेवटची बस चुकली.

"जेवून घे," व्हेरोनाबाईंनी फोनवर सांगितले.

"काय चाललंय?" डार्नलीने विचारले.

"भांडतोय."

"मग ठीक आहे," डार्नली म्हणाला.

कार्ड पूर्ण झाले नाही. देवदूताला एकच पंख लावून झाला. इस्मेने ते तसेच भिंतीला चिकटवून टाकले, त्यामुळे मागची बाजू कोणालाच तपासता आली नाही.

वरील प्रकरणावरून निष्पन्न होणारी कार्यपद्धती अशी: शुभेच्छा हाताने केलेल्या आहेत हे सिद्ध करावयाचे असल्यास सदर हात, उर्वरित शरीरासह, समक्ष हजर करावा. ही पद्धत वेळखाऊ आहे आणि तीत बस चुकण्याचा संभव असतो. सुज्ञ वाचकांवर तिची सक्ती नाही. हे वाचता वाचता तुम्हाला ज्या माणसाची आठवण झाली, त्याला तुम्ही हा मजकूर फोनवरून पुढे पाठवून द्याल आणि खाली जोडलेल्या हातांचे पिवळे चित्र टाकाल. ते हाताने केलेलेच धरण्यात येईल.